पायथनमध्ये तारीख आणि वेळ: अभ्यासिकेचं रजिस्टर लिहिता लिहिता

पायथन शिकायला लागून थोडे दिवस झाले, लूप आणि फंक्शन हाताला बसली, की जो तो स्वतःचं काहीतरी छोटंसं लिहायला घेतो आणि त्यात कुठेतरी तारीख येतेच. इथे बरेच जण अडखळतात. प्रोग्रॅम बंद पडत नाही, लाल अक्षरांत एरर येत नाही. फक्त उत्तर एका दिवसाने, एका तासाने किंवा साडेपाच तासांनी चुकतं, आणि महिनाभर ते कुणाच्या लक्षातही येत नाही. या चुका गणिताच्या क्वचितच असतात. एका प्रकारची वेळ भलत्याच टाइपमध्ये ठेवली म्हणून त्या होतात. त्यामुळे सुरुवात टाइप ओळखण्यापासूनच करू.

उदाहरणाला सदाशिव पेठेतली किंवा नव्या पेठेतली एखादी अभ्यासिका घ्या. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली चोवीस तास येत-जात असतात. कुणी पहाटे पाचला येऊन जागा धरतं, कुणी रात्री मेसमधून जेवून थेट येतं आणि दोन-अडीचला खोलीवर जातं. दाराशी एक रजिस्टर असतं: नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. फी महिन्याची, ज्या तारखेला प्रवेश घेतला त्या तारखेला भरायची. हे रजिस्टर आपल्याला पायथनमध्ये आणायचं आहे. काम एवढंसं दिसतं, पण तारीख-वेळेचे जवळजवळ सगळे पेच त्यात येऊन जातात.

कोड इथे देवनागरीत वाचायला दिला आहे. एडिटरमध्ये पायथनचे स्वतःचे शब्द, टाइमझोनची नावं आणि आकडे रोमन लिपीतच टाइप करा. तुमच्या व्हेरिएबलची नावं मात्र पायथन ३ मध्ये देवनागरीतही चालतात.

पायरी १: नेमकं काय साठवायचं आहे ते ठरवा

रजिस्टरमधल्या चार गोष्टी बघा. सभासदाची जन्मतारीख. रोज दुपारी अडीचला हॉल झाडायची वेळ. कुणीतरी आत आलं तो क्षण. आणि ते माणूस किती वेळ बसलं तो अवधी.

जन्मतारखेला तास-मिनिटं नसतात आणि टाइमझोनही नसतो. १५ ऑगस्टला जन्मलेली मुलगी उद्या शिकागोला राहायला गेली तरी तिची जन्मतारीख १५ ऑगस्टच राहते. तिच्यासाठी टाइप आहे 'डेट'. दुपारचे अडीच ही नुसती घड्याळातली वेळ, ती कोणत्या दिवशीची हे तिला ठाऊक नाही. तिचा टाइप 'टाइम'. आत आल्याचा क्षण म्हणजे तारीख आणि वेळ एकत्र, म्हणजे 'डेटटाइम'. बसल्याचा अवधी म्हणजे 'टाइमडेल्टा'. हे चारही टाइप डेटटाइम नावाच्याच मोड्यूलमध्ये आहेत. मोड्यूलचं नाव आणि आतल्या एका टाइपचं नाव सारखंच असल्यामुळे सुरुवातीला गोंधळ उडतो, म्हणून एकदाच असं आयात करून घ्या आणि पुढे सगळीकडे हीच नावं वापरा:

फ्रॉम डेटटाइम इम्पोर्ट डेट, टाइम, डेटटाइम, टाइमडेल्टा, टाइमझोन

एका बाबतीत मी अगदी ठाम आहे. जिथे नुसती तारीख हवी आहे तिथे डेटटाइम घेऊन वेळेच्या जागी शून्यं भरू नका. 'पुढे लागली तर असू दे' म्हणून ठेवलेली ती मध्यरात्र, मध्ये टाइमझोन आला की, तारीखच मागे ढकलते. ते कसं होतं हे पाचव्या पायरीत दिसेल.

पायरी २: वजाबाकी करा, पण उत्तर नीट वाचा

एक मुलगा ३१ जानेवारीला रात्री १०:४० ला आला आणि मध्यरात्र उलटून सव्वादोनला गेला.

आल्याची_वेळ = डेटटाइम(२०२६, १, ३१, २२, ४०)
गेल्याची_वेळ = डेटटाइम(२०२६, २, १, २, १५)
बसला = गेल्याची_वेळ - आल्याची_वेळ

उत्तर ३ तास ३५ मिनिटं, टाइमडेल्टा या टाइपमध्ये. महिना बदलला, तारीख बदलली, तरी आपल्याला काही करावं लागलं नाही. आता हीच वजाबाकी नुसत्या 'टाइम'ने करून बघा, म्हणजे २:१५ मधून २२:४०. पायथन टाइपएरर देतो. ते योग्यच आहे: दिवस माहीत नसेल तर रात्रीचे दोन हे पावणेअकराच्या आधीचे की नंतरचे, हे कोण सांगणार? रजिस्टरच्या कागदावर आपण फक्त '१०:४०' आणि '२:१५' लिहितो, कारण वाचणाऱ्याला बाकीचं समजतं. टेबल बनवताना तसाच कॉलम बनवायचा मोह होतो. करू नका, दोन्ही बाजूंना पूर्ण डेटटाइम ठेवा. आणि वजाबाकी उलटी झाली तर '-१ डे, २०:२५:००' असं चमत्कारिक उत्तर दिसतं. तेही बरोबरच असतं. टाइमडेल्टा ऋण अवधी दिवस उणे करून आणि उरलेले तास अधिक ठेवून दाखवतो, म्हणून एक दिवस मागे आणि मग २० तास २५ मिनिटं पुढे.

आता एक बारीक जागा. टाइमडेल्टाला 'सेकंड्स' नावाची एक प्रॉपर्टी आहे आणि 'टोटल_सेकंड्स' नावाची एक मेथड आहे. नावं इतकी जवळची की नवखा माणूस पहिलीच उचलतो. अभ्यासिकेच्या नोंदीत फरक दिसणारच नाही, कारण सलग चोवीस तास कुणी बसत नाही. पण पुण्यातली विसर्जन मिरवणूक घ्या. समजा मंडईतून ती २५ तारखेला सकाळी साडेदहाला निघाली आणि २६ तारखेला दुपारी तीनला संपली. अवधी आहे साडेअठ्ठावीस तास, म्हणजे १,०२,६०० सेकंद. 'सेकंड्स' विचारलं तर मिळतात १६,२००, म्हणजे फक्त साडेचार तास. पूर्ण दिवस 'डेज'मध्ये वेगळा जाऊन बसलेला असतो. एकूण अवधी हवा असेल तेव्हा न चुकता टोटल_सेकंड्स.

तारखांची वजाबाकी करताना दोन्ही टोकं मोजायची आहेत का, ते स्वतःला विचारा. ३१ जानेवारीतून १ जानेवारी वजा केली की ३० येतात. जागा अडली होती ३१ दिवस. पायथन चुकलेला नाही, आपल्याला एक मिळवायचा आहे.

पायरी ३: मजकुरातून तारीख काढा

फॉर्ममधून आलेली '०३/०४/२०२६' ही तारीख नाही, ती नुसती अक्षरं आहेत. आपल्याकडे ती ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च. दोन्ही वैध, म्हणून एरर कुठलीच येणार नाही. १२ तारखेच्या पुढे मात्र अमेरिकी पद्धत बिघडते, आणि 'कधी चालतं, कधी नाही' असा गूढ प्रकार समोर येतो. म्हणून पायथनला फॉरमॅट स्पष्ट सांगायचा. त्यासाठी एसटीआरपीटाइम (पी म्हणजे पार्स) आणि तारखेतून मजकूर बनवायला एसटीआरएफटाइम (एफ म्हणजे फॉरमॅट). दोन्हीत पर्सेंट चिन्हानंतर एक अक्षर असतं, आणि तिथे छोटं-मोठं अक्षर फार महत्त्वाचं आहे. छोटा एम म्हणजे महिना, मोठा एम म्हणजे मिनिटं. मोठा एच चोवीस तासांचं घड्याळ, मोठा आय बारा तासांचं. आय वापरला तर सोबत छोटा पी हवाच, नाहीतर सकाळ-संध्याकाळ कळणार नाही. मोठा वाय चार आकडी वर्ष घेतो. छोटा वाय दोन आकडी घेतो आणि तिथे धोका आहे: ६९ ते ९९ म्हणजे १९६९ ते १९९९, आणि ०० ते ६८ म्हणजे २००० ते २०६८. कुणी वडिलांचं जन्मवर्ष '६५' लिहिलं की ते २०६५ होतं. दोन आकडी वर्ष फॉर्ममध्ये स्वीकारूच नका.

मराठी फॉर्म असेल तर लोक '१५/०८/२००३' देवनागरी आकड्यांत भरणारच, आणि भरूही द्यावं. पायथनचं इंट फंक्शन देवनागरी आकडे वाचतं. इंट("१५") दिलं की साधा पंधरा मिळतो. एसटीआरपीटाइमवर मात्र देवनागरी आकड्यांसाठी भरवसा ठेवू नका. तिरप्या रेघेवर मजकूर तोडा, तिन्ही तुकडे इंटमधून काढा आणि डेट बनवा:

दिवस, महिना, वर्ष = [इंट(तुकडा) फॉर तुकडा इन मजकूर.स्प्लिट("/")]
जन्म = डेट(वर्ष, महिना, दिवस)

३१ एप्रिलसारखी नसलेली तारीख आली तर इथे व्हॅल्यूएरर येते. ती पकडा आणि सभासदाला मराठीत सांगा की ही तारीख कॅलेंडरमध्ये नाही. त्यांच्या वतीने ती गुपचूप ३० करून टाकू नका.

दाखवताना 'जानेवारी', 'सोमवार' अशी नावं हवी असतात. सिस्टिमच्या लोकॅलवर (मशीनवरच्या भाषा-प्रांताच्या सेटिंगवर) विसंबण्यापेक्षा बारा महिन्यांची आणि सात वारांची यादी स्वतः लिहा. कुठल्याही मशीनवर चालेल. वीकडे ही मेथड सोमवारला ० देते आणि रविवारला ६, आयएसओवीकडे सोमवारला १. यादी त्या हिशोबाने लावा.

आतल्या वापरासाठी, म्हणजे फाइलमध्ये, डेटाबेसमध्ये, दुसऱ्या प्रोग्रॅमला पाठवताना, एकच रूप ठेवा: २०२६-०१-३१. हे आयएसओ ८६०१ या मानकातलं रूप, १९८८ पासूनचं. मोठ्याकडून लहानाकडे जात असल्यामुळे नुसती अक्षरं क्रमाने लावली तरी तारखा क्रमाने लागतात. डेटचं आयएसओफॉरमॅट हे रूप देतं आणि फ्रॉमआयएसओफॉरमॅट ते परत वाचतं. शेवटी झेड (यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेची खूण) लावलेली वेळ मात्र पायथन ३.११ पासूनच वाचली जाते, जुन्या आवृत्तीत एरर येते.

पायरी ४: महिना आणि वर्ष, ज्यांची लांबी ठरलेली नाही

टाइमडेल्टात दिवस, तास, आठवडे चालतात. महिना आणि वर्ष चालत नाही. मुद्दामच ठेवलेलं नाही, कारण महिना म्हणजे किती दिवस याला एक उत्तर नाही. तीस दिवस धरून फी मोजली तर १ जानेवारीला आलेल्या सभासदाची पुढची तारीख ३१ जानेवारी निघते आणि वर्षात त्याच्याकडून बारा महिन्यांपेक्षा जास्त फी जाते. कुणीतरी भांडायला येईलच.

यासाठी पायथन-डेटयूटिल ही लायब्ररी पिपने (पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या टूलने) बसवून घ्या. त्यातला रिलेटिव्हडेल्टा महिन्यांची बेरीज आपल्या मनासारखी करतो. ३१ जानेवारी २०२६ अधिक एक महिना म्हणजे २८ फेब्रुवारी. इथपर्यंत छान. पण आता त्या २८ फेब्रुवारीत आणखी एक महिना मिळवा: २८ मार्च. पुढे २८ एप्रिल. ३१ तारखेचा सभासद एका फेब्रुवारीमुळे कायमचा २८ तारखेचा झाला. म्हणून मागच्या देय तारखेत महिना मिळवत जाऊ नका. मूळ प्रवेशाची तारीख जपून ठेवा आणि दर वेळी तिच्यापासून मोजा:

देय = प्रवेश + रिलेटिव्हडेल्टा(मंथ्स=कितवा)

कितवा दोन असेल तेव्हा ३१ मार्च मिळतो, तीन असेल तेव्हा ३० एप्रिल. हीच युक्ती बँकेच्या हप्त्यांना, विम्याला, भाडेकराराला लागू पडते.

वयाचंही तसंच. दिवसांना ३६५ ने भागू नका. १ मार्च २००१ ला जन्मलेला मुलगा १ मार्च २०२६ ला पंचवीस वर्षांचा होतो. मध्ये सहा २९ फेब्रुवारी आल्या, त्यामुळे भागाकार त्याला सहा दिवस आधीच पंचवीसचा करतो. वयोमर्यादेच्या काठावर असलेल्या उमेदवाराला सहा दिवस म्हणजे काय, ते अभ्यासिकेत बसणाऱ्या कुणालाही विचारा. बरोबर सूत्र असं:

वय = त्या_दिवशी.इयर - जन्म.इयर - ((त्या_दिवशी.मंथ, त्या_दिवशी.डे) < (जन्म.मंथ, जन्म.डे))

कंसातली तुलना खरी असली की एक वजा होतो, म्हणजे यंदाचा वाढदिवस अजून यायचा आहे. 'त्या_दिवशी' लिहिलं आहे, 'आज' नाही, कारण जाहिरातीत वय कोणत्या तारखेला मोजायचं ते दिलेलं असतं. २९ फेब्रुवारीला जन्मलेल्यांना हे सूत्र साध्या वर्षी १ मार्चला एक वर्षाने मोठं करतं. तुमच्या कामाच्या नियमात २८ फेब्रुवारी धरायची असेल तर तेवढा भाग बदला.

पायरी ५: टाइमझोन

इथवरचं सगळं एका लॅपटॉपवर, पुण्यात बसून नीट चालतं. प्रोग्रॅम क्लाउडवरच्या सर्व्हरवर टाकला की खरा खेळ सुरू होतो, कारण तिथलं घड्याळ बहुतेक वेळा यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर असतं, आपल्या साडेपाच तास मागे.

पहाटे पाचला आलेल्या मुलीची नोंद घ्या. पुण्यात १ फेब्रुवारी, पहाटेचे पाच. यूटीसीत ३१ जानेवारी, रात्रीचे साडेअकरा. सर्व्हरवर डेट.टुडे() विचारलं तर तो ३१ जानेवारी सांगतो. तिची हजेरी कालच्या खात्यात, आणि महिन्याचा अहवालही चुकीच्या महिन्यात. रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात आलेल्या प्रत्येकाचं हेच होतं. दिवसा तपासणाऱ्या माणसाला ही चूक कधीच सापडत नाही, कारण साडेपाचनंतर तारखा पुन्हा जुळतात.

उलट दिशेची चूक म्हणजे पहिल्या पायरीत सांगितलेली मध्यरात्र. १५ ऑगस्टची जन्मतारीख '१५ ऑगस्ट, ००:००, भारतीय वेळ' अशी डेटटाइममध्ये ठेवली आणि कुणीतरी ती यूटीसीत बदलली की ती १४ ऑगस्ट, १८:३० होते. मग नुसती तारीख दाखवली की १४. भारतात काम करणाऱ्याने लॉगमध्ये किंवा डेटाबेसमध्ये १८:३०:०० असा आकडा रांगेने दिसला की लगेच थांबावं: ही बहुधा कुणाची तरी मध्यरात्र आहे. दुसरी खूण १ जानेवारी १९७०, पहाटे ५:३०. संगणक वेळ सेकंदांत मोजतात ती १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासून, म्हणून रिकाम्या जागी शून्य पडलं की पुण्याच्या स्क्रीनवर नेमकी ही वेळ उमटते. जानेवारी १९७० मधलीच पण वेगळी तारीख दिसली तर मिलिसेकंदांच्या जागी सेकंद गेले आहेत. जावास्क्रिप्ट मिलिसेकंद वापरतं, पायथन सेकंद.

पायथन डेटटाइमचे दोन वर्ग करतो. ज्याला टाइमझोन माहीत नाही तो नाईव्ह, ज्याला माहीत आहे तो अवेअर. डेटटाइम.नाऊ() रिकाम्या कंसाने बोलावलं तर नाईव्ह मिळतो. त्यात मशीनच्या घड्याळाची वेळ असते, पण ते मशीन पुण्यात आहे की व्हर्जिनियात याची नोंद नसते. आपल्याला हवा अवेअर:

फ्रॉम झोनइन्फो इम्पोर्ट झोनइन्फो
पुणे = झोनइन्फो("एशिया/कोलकाता")
आत्ता = डेटटाइम.नाऊ(पुणे)
आज = आत्ता.डेट()

झोनइन्फो पायथन ३.९ पासून सोबतच येतं. विंडोजवर मात्र टीझेडडेटा हे पॅकेज वेगळं बसवा, कारण विंडोजकडे ही माहिती या रूपात नसते. 'एशिया/पुणे' किंवा 'एशिया/मुंबई' शोधू नका, ते नाही. १९७० पासून ज्या भागात घड्याळं एकसारखी चालली त्याला साधारणपणे एका मोठ्या शहराचं नाव देतात, आणि भारतासाठी ते कोलकाता आहे. 'आयएसटी' हे तीन अक्षरी रूपही टाळा. भारत, इस्रायल आणि आयर्लंड तिघंही ते वापरतात.

झोन म्हणजे कायद्याने ठरलेलं घड्याळ. सूर्याशी त्याचा संबंध सैल असतो. नागपुरात सूर्य पुण्याच्या साधारण वीस मिनिटं आधी डोक्यावर येतो, तरी दोन्हीकडे घड्याळ एकच, ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरचं, १ जानेवारी १९०६ पासून. कायदा बदलला की घड्याळ बदलतं आणि झोनच्या डेटामध्ये तो इतिहास असतो. दुसऱ्या महायुद्धात सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ भारतात घड्याळं तासभर पुढे होती. १ जून १९४३ चा डेटटाइम 'पुणे' झोनसह बनवून त्याचा यूटीसीऑफसेट (यूटीसीपासूनचा फरक) विचारा, साडेसहा तास येतील. पत्रिका करणारे त्या काळातल्या जन्मवेळेतून एक तास वजा करतात तो याचमुळे. म्हणून स्वतःच्या हाताने 'अधिक साडेपाच तास' मिळवत बसू नका, झोनला विचारा.

जुन्या कोडमध्ये पायटीझेड ही लायब्ररी भेटेल. तिचा झोन थेट डेटटाइमच्या कंसात टीझेडइन्फो म्हणून दिला की ऑफसेट ५:३० ऐवजी ५:५३ येतो. ही कोलकात्याची जुनी स्थानिक वेळ, यादीतली पहिली नोंद, आणि पायटीझेड तीच उचलतं. तिथे लोकलाइझ ही मेथड वापरावी लागते. नवीन काम असेल तर सरळ झोनइन्फो घ्या. तसंच यूटीसीनाऊ() दिसलं तर काढून टाका: ते यूटीसीची वेळ देतं पण नाईव्ह रूपात, त्यामुळे पुढे टाइमस्टँप (१९७० पासूनचे सेकंद) काढताना पायथन तिला स्थानिक वेळ समजतो आणि पुण्याच्या मशीनवर १९,८०० सेकंदांचा फरक पडतो. पायथन ३.१२ पासून ते बाद ठरवलं आहे. त्याऐवजी डेटटाइम.नाऊ(टाइमझोन.यूटीसी).

दोन मेथडमधला फरक पक्का करा. रिप्लेस(टीझेडइन्फो=पुणे) आकडे तसेच ठेवून फक्त झोन चिकटवतं, जसं डबा न उघडता वरचं लेबल बदलावं. ॲजटाइमझोन(पुणे) क्षण तोच ठेवतं आणि आकडे बदलतं. फॉर्ममध्ये कुणी '२२:४०' भरलं आणि ती पुण्याची वेळ आहे हे तुम्हाला माहीत आहे, तेव्हा रिप्लेस. यूटीसीची वेळ पुण्याच्या घड्याळात दाखवायची आहे, तेव्हा ॲजटाइमझोन. उलटसुलट केलं की साडेपाच तास कुठेतरी हरवतात. नाईव्ह आणि अवेअर यांची लहान-मोठं अशी तुलना केली तर पायथन टाइपएरर देतो, पण समान आहेत का विचारलं तर नुसतं 'फॉल्स' म्हणून गप्प बसतो, हेही लक्षात असू द्या.

उन्हाळी वेळ, म्हणजे उन्हाळ्यापुरतं घड्याळ तासभर पुढे करणं, भारतात नाही, पण हिंजवडी-खराडीतल्या आयटी कंपनीत नोकरी लागली की ती तुमच्या कॅलेंडरमध्ये येतेच. अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. युरोपात मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. न्यूयॉर्कच्या सकाळी नऊची दर शुक्रवारची मीटिंग घ्या:

न्यूयॉर्क = झोनइन्फो("अमेरिका/न्यू_यॉर्क")
मीटिंग = डेटटाइम(२०२६, १०, ३०, ९, ०, टीझेडइन्फो=न्यूयॉर्क)
मीटिंग.ॲजटाइमझोन(पुणे)

३० ऑक्टोबरला उत्तर संध्याकाळी साडेसहा. तारीख ६ नोव्हेंबर करा: साडेसात. घरी जायची शेवटची बस त्या तासावर अवलंबून असू शकते. म्हणून पुढच्या मीटिंग यूटीसीत गोठवून ठेवू नका. 'न्यूयॉर्क, शुक्रवार, सकाळी ९' एवढंच साठवा आणि पुण्याची वेळ दाखवायच्या क्षणी काढा. घडून गेलेल्या गोष्टींना उलट यूटीसीच चांगली, कारण घडलेला क्षण बदलत नाही.

एक खोलातली गोष्ट, आत्ता नुसती ऐकून ठेवा: दोन्ही वेळा एकाच झोनमधल्या असतील तर पायथन घड्याळाच्या काट्यांची वजाबाकी करतो, मधला उन्हाळी बदल धरत नाही. परदेशी झोनमध्ये खरा अवधी हवा असेल तर आधी दोन्ही वेळा यूटीसीत न्या.

पायरी ६: साठवण आणि अहवाल

सुरुवात एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसने करत असाल तर त्यात तारखेचा वेगळा टाइपच नाही. आयएसओ रूपातला मजकूर ठेवा, क्षणांसाठी नेहमी यूटीसीत, जन्मतारीख मात्र नुसती २००३-०८-१५. पुढे पोस्टग्रेस हा मोठा डेटाबेस वापरलात तर क्षणांसाठी 'टाइमस्टँप विथ टाइमझोन' घ्या. नाव तसं असलं तरी तो तुमचा मूळ झोन साठवत नाही, आत यूटीसी ठेवतो आणि दाखवताना बदलतो. झोनचं नाव हवं असेल तर वेगळा कॉलम करा.

'आज कोण कोण आलं' या अहवालासाठी पुण्याची मध्यरात्र ते पुढची मध्यरात्र अशी हद्द घ्या आणि तुलना 'सुरुवातीपासून, पण पुढच्या मध्यरात्रीच्या आधी' अशी ठेवा. २३:५९:५९ पर्यंत अशी हद्द घातली तर शेवटच्या सेकंदात आलेली नोंद दोन दिवसांच्या फटीत पडू शकते. 'फी ३१ तारखेच्या रात्री १२ पर्यंत' हेही कोडमध्ये '१ तारखेच्या ००:०० च्या आधी' असं लिहा. आणि १०:४० ते २:१५ बसलेल्या मुलाची हजेरी कोणत्या दिवसात धरायची? याचं उत्तर पायथनकडे नाही. अभ्यासिका चालवणाऱ्या काकांना विचारा. ते बहुधा 'तो काल रात्री आला होता' असंच सांगतील, म्हणजे आल्याच्या तारखेत. जे ठरेल ते कोडमध्ये कॉमेंट म्हणून लिहून ठेवा.

पायरी ७: 'आत्ता' बाहेरून द्या, मग तपासा

फंक्शनच्या आत नाऊ() बोलावलं की ते फंक्शन उद्या वेगळं उत्तर देतं आणि तपासता येत नाही. 'आत्ता' हा पॅरामीटर करा आणि सर्वांत बाहेरच्या पातळीवर एकदाच घड्याळ बघा. पण डेफच्या ओळीत आत्ता=डेटटाइम.नाऊ(पुणे) असा डिफॉल्ट देऊ नका. ती किंमत फंक्शन बनतानाच एकदा मोजली जाते आणि सर्व्हर आठवडाभर सुरू राहिला तरी तीच राहते.

आता मुद्दाम अडचणीच्या वेळा देऊन बघा: २८ फेब्रुवारी २०२६, २९ फेब्रुवारी २०२८, ३१ डिसेंबरच्या रात्री ११:५९, १ तारखेची ००:१०, पहाटेची ५:२९ आणि ५:३१. फी, वय, हजेरीची तारीख, तिन्ही हाताने काढून पडताळा. लिनक्स किंवा मॅकवर हेच सगळे टेस्ट पुन्हा चालवा: एकदा टीझेड हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅमला बाहेरून मिळणारी सेटिंग) यूटीसी करून, एकदा अमेरिका/न्यू_यॉर्क करून. तिन्ही वेळा उत्तरं एकच यायला हवीत. एखादं बदललं, तर कोडमध्ये कुठेतरी रिकाम्या कंसाचा नाऊ() किंवा डेट.टुडे() अजून राहिलेला आहे. एडिटरच्या सर्चने तो शोधा, झोन द्या आणि टेस्ट पुन्हा लावा.